डबा रिकामा झाल्याशिवाय भरायचा नाही

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही कळेल. सांगलीत विश्रामबागेत तुमचं घर. पूर्वी घरात सात माणसं होती. सासरे गेले, थोरले दीर-जाऊ मुलाला घेऊन पुण्याला गेले, आता तू, नवरा आणि सासूबाई असे तिघंच उरलात. सासूबाई अजूनही दर उन्हाळ्यात तीन क्विंटल गहू आणि दोन क्विंटल शाळू ज्वारी भरतात. पत्र्याच्या तीन कोठ्या, साठेक डबे, माळ्यावर बरण्या. तांदळात सोंडे, रव्यात जाळी, मुगाला भुंगेरे, आणि यातलं काही टाकायला काढलं की सासूबाई ते परत आत नेऊन ठेवतात. नवीन धान्य यायच्या आत सगळं आवरायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस.

माझ्याहून बरीच लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते. मिरजेत मी अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक आणि कॉलेजची मुलं मिळून रोजची दीडशे ताटं उठायची. स्वयंपाक चुकला तर एक वेळ बिघडते, कोठी चुकली तर महिना बिघडतो, हे तिथं शिकले.

सुरुवात डब्यांपासून करू नकोस, एका गणितापासून कर. खानावळीत आम्ही माणशी रोजचं दोनशे ग्रॅम पीठ धरायचो, पोळी आणि भाकरी दोन्ही मिळून. सात माणसांचं वर्षाचं होतं पाचशे अकरा किलो. म्हणजे तुझ्या सासूबाईंचं पाच क्विंटल अगदी बरोबर आहे! त्यांचा अंदाज जराही चुकलेला नाही, फक्त माणसं कमी झाली आणि आकडा तोच राहिला. तिघांना लागतं दोनशे एकोणीस किलो. बाकीचं सुमारे पावणेतीन क्विंटल तुम्ही दर वर्षी किड्यांसाठी विकत आणता. हे गणित त्यांच्यासमोर मांडताना आधी सातचं मांड, मग तीनचं. 'तुम्ही फार आणता' असं म्हणालीस की भांडण होईल. 'तुमचं सातचं गणित किती चोख होतं' इथून सुरू केलंस तर त्या स्वतःच तीनचं करतील. आणि हे बोलणं जेवायच्या वेळी काढू नकोस. सात ताटांच्या जागी तीन ताटं मांडलेली दिसत असताना हा विषय वेगळाच होतो.

आता किडा येतो कुठून ते सांगते. लोकांना वाटतं दुकानातून येतो. येतोही. पण तो घरात टिकतो तो एकाच सवयीमुळे. डब्यात तळाला वाटीभर जुनं असताना त्यावर नवीन ओतायचं. सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी दाण्याच्या आतच वाढते आणि आपल्या इकडच्या उबेत साधारण महिन्याभरात पुरा किडा होऊन बाहेर पडतो. एक मादी तीनशेच्या वर अंडी घालू शकते. म्हणजे तळाच्या त्या वाटीभर तांदळात तुला काही दिसत नसलं तरी आत पुढची पिढी तयार असते, आणि तू तिच्या अंगावर दहा किलोचं जेवण ओततेस. खानावळीच्या तिसऱ्या वर्षी मी हेच केलं. कोठीत चार-पाच किलो जुना तांदूळ होता, वरून तीन पोती रिकामी केली. गणपतीच्या आधी झाकण काढलं तर तांदूळ हलताना दिसला. चार बायका दोन दिवस पाखडत बसल्या होत्या. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक जिन्नसाला दोन डबे झाले, एक चालू आणि एक बंद. चालूतला संपला, घासला, वाळला, की मगच बंद उघडायचा.

तुझ्या घरात बदलायचं ते एवढंच. बाकीचं जे सांगते ती साफसफाई आहे, तिचा उपयोग यानंतर.

दिवस कोरडा निवड. फेब्रुवारीअखेर ते मार्च चांगला, नवा शाळू आणि गहू यायच्या तोंडावर कोठ्या रिकाम्या होतात. श्रावणात हे काम काढू नकोस, हवेतला दमटपणाच परत डब्यात भरशील. आणि सगळं एकाच दिवशी ओट्यावर काढू नकोस. साठ डबे बाहेर आले की चार वाजता पाठ भरून येते आणि पाच वाजता सगळे होते तसे आत जातात. एका दिवशी एक फळी.

प्रत्येक डबा पांढऱ्या कापडावर किंवा ताटात पूर्ण ओत. चमच्याने ढवळून बघायचं नाही. काय दिसतंय त्यावर पुढचं ठरतं, आणि इथं घाई करू नकोस, कारण सगळे किडे सारखे नसतात.

तांदळात-गव्हात पुढं सोंड असलेला काळपट किडा दिसला तर तो सोंडा. धान्य खाण्यालायक असतं. चाळायचं, पाखडायचं, गहू-शाळूला कडक उन्हं दाखवायची. तांदूळ मात्र उन्हात टाकू नकोस, तो तडकतो आणि भाताच्या कण्या होतात. तो सावलीत, वाऱ्यावर पसर. हातात घेतल्यावर दाणे हलके, पोकळ लागले आणि खाली पिठूळ भुगा पडला तर मात्र त्यात सत्त्व उरलेलं नाही, ते कोंबड्यांना जाऊ दे.

रव्यात, पिठात, भाजणीत, शेवयांत कोळिष्टकासारखी जाळी आणि गुठळ्या दिसल्या तर ती पतंगाची अळी. त्या जाळ्यात तिची विष्ठा असते. चाळून वापरू नकोस, टाक. सासूबाई म्हणतील, आम्ही आयुष्यभर चाळूनच खाल्लं. खरं आहे, त्यांनी खाल्लं. पण तेव्हा रवा घरी काढायच्या आणि आठवड्यात संपवायच्या.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी, आणि गोल भोक दिसलं तर भुंगेरा बाहेर पडून गेला. हा किडा अख्ख्या कडधान्यात वाढतो, डाळीत सहसा वाढत नाही. म्हणून आपल्या आज्या उन्हाळ्यात मुगाची, तुरीची डाळ करूनच ठेवायच्या. सांगलीच्या घरांत साताऱ्याकडून, कोरेगावचा वाघ्या घेवडा येतो, पाहुणे पाच-पाच किलो आणून देतात. तोही यातलाच, त्याच्यावरही नजर ठेव. नुसते ठिपके असतील, भोकं नसतील, तर कडधान्य वाचवता येतं. गच्चीवर काळं प्लॅस्टिक अंथर, त्यावर दाणे एका थरात पसर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाक आणि चारही कडा विटांनी दाब. एप्रिलच्या दुपारी आत इतकी धग होते की तासा-दोन तासांत अंडी, अळी, किडा सगळं मरतं. साठ अंशांच्या आसपास तापमान गेलं पाहिजे, म्हणून ढगाळ दिवशी याचा उपयोग नाही. आणि अशी तापवलेली कडधान्यं बियाण्याला ठेवू नकोस, उगवतीलच असं नाही.

उन्हातून आणलेलं धान्य लगेच कोठीत भरू नकोस. रात्रभर सुपात, चादरीवर गार होऊ दे. गरम धान्यावर झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि किड्यापासून वाचवलेलं धान्य बुरशीच्या हाती देतेस. ही चूक मी फार घरांत पाहिली आहे, तीही चांगल्या, कष्टाळू बायकांकडून.

गच्ची नसेल किंवा जिन्नस थोडे असतील तर फ्रीझर. बेसन, रवा, काजू-बेदाणे घट्ट पिशवीत बांधून ठेव. उणे 18 अंशांना चार दिवस पुरतात, पण घरच्या एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होतोच असं नाही, म्हणून आठवडा धर. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून घरच्या तापमानाला येऊ दे, मग उघड. तासगावचे बेदाणे तर मी बारा महिने फ्रिजमध्येच ठेवते, पावसाळ्यात ते बाहेर ओघळतात.

बुरशीच्या बाबतीत मी अजिबात सवलत देत नाही. शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी, आतून काळा पडलेला दाणा, तोंडात टाकला की कडू लागणं, यातलं काहीही दिसलं तर ती सगळी पिशवी जाते. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि भाजल्यानं मरत नाही. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत सगळीकडे पडतं, म्हणून दाण्याची जास्त काळजी. असले दाणे म्हशीलाही घालू नकोस, ते विष दुधात उतरतं. कूट आठवड्याला लागेल तेवढंच कर. भगरीचंही तसंच. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्यात दमट जागेत राहिलेली जुनी भगर किंवा आधी दळून ठेवलेलं तिचं पीठ असतं. भगर पाव-अर्धा किलोच आण आणि पीठ त्या दिवशीच मिक्सरवर काढ. कोणी जास्तीचं दिलं तर नको म्हण.

बाजरीचं पीठ उरलेलं सापडेल, वास घे. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, दळल्यावर तो लवकर फुटतो आणि पीठ खवट, कडू होतं. आठ-दहा दिवसांच्या वरचं ठेवू नये. शाळूचं त्याहून टिकतं, गव्हाचं आणखी.

मसाल्यांत वेळ घालव, ते स्वस्त नाहीत. धने, हळकुंड, सुकी मिरची यांना लालसर तपकिरी, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान किडा लागतो, तो पातळ प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा पोखरून बाहेर येतो. एका पिशवीत दिसला तर शेजारच्या सगळ्या बघ. वर्षाची कांदा-लसूण चटणी मात्र सहसा टिकते, तिच्यात मीठ, तेल आणि तिखटाची गर्दी असते. बरणीत वर-खाली हिंगाचे खडे ठेवून ती घट्ट दाबून भरलेली असली पाहिजे. रंग उडाला असेल तर चवही उडालीय, पण ती टाकायची गरज नाही, रश्श्याला चालते. ओला चमचा गेला असेल आणि पांढरा थर दिसला तर टाक. डंकावर पुढच्या वेळी जाताना सात माणसांची मिरची नेऊ नका. खानावळीत लोक चटणी जास्तच खातात, म्हणून माझा आकडा इथं तुला देत नाही. गेल्या वर्षी किती उरली ते तोल आणि तेवढी कमी कर.

कोठीच्या तळाशी कापडात बांधलेल्या पाऱ्याच्या टिकड्या सापडतील. जुन्या घरांत सापडतातच. पुरचुंडी न उघडता बाहेर काढ, पोरांच्या हाती लागू देऊ नकोस, मोरीत टाकू नकोस, आणि टिकडी फुटून धान्यात मिसळली असेल तर ते धान्य कोणालाच घालू नकोस. नवीन आणू नकोस. गोदामात धान्याला लावतात त्या विषारी वायूच्या गोळ्या कोणी 'एक टाक, वर्षभर बघायला नको' म्हणून दिल्या तर घरात घेऊच नकोस. बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. बोरिक पावडर तांदळाला चोळायची पद्धतही आता सोडावी, ते खाण्याचं द्रव्य नाही.

मग लावायचं काय? अख्ख्या कडधान्याला एरंडेल किंवा शेंगतेल, किलोला लहान चमचाभर, सगळ्या दाण्यांना पुसटसं लागेल असं. तेलामुळे दाण्यावरच्या अंड्यांचा श्वास कोंडतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. कडुनिंबाचा पाला ठेवावासा वाटला तर ठेव, पण पूर्ण सुकलेला. त्याच्या जोरावर ओलसर धान्य टिकेल असं समजू नकोस. मला विचारशील तर पाल्यापेक्षा घट्ट झाकण जास्त काम करतं. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड लिंपून बंद, आतली हवा किड्यांनी आणि मालानेच वापरून टाकायची आणि मग आत काही जगायचं नाही. पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नसे, आधी हवा खेळू द्यायचे. 2005 च्या पुरात बरीच पेवं पाण्याखाली गेली, पण पद्धत शहाणी होती. बंद डबा बंदच ठेवायचा, रोज उघडून 'नीट आहे ना' बघायचं नाही, हे त्याचं घरगुती रूप.

पुराचं निघालंच आहे तर एक सांगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी 45 फूट आणि 2019 ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. तेव्हा गावभागात माझ्या बहिणीच्या घरी डबे धुवायला गेले होते. पुराचं पाणी लागलेला एकही जिन्नस आम्ही ठेवला नाही, फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांमधलासुद्धा. त्या झाकणातून पाणी आत जातं आणि दिसत नाही. तुमच्याकडे तळमजल्यावर त्या वेळचं काही 'वाचवून' ठेवलेलं असेल तर ते आधी काढ.

डबे घासताना मधल्या भागाला फार वेळ देऊ नकोस, तो स्वच्छच असतो. झाकणाची दुमड, कडेची शिवण, प्लॅस्टिकच्या बरणीचे आटे, कोठीच्या तळाचा सांधा, इथं पीठ अडकतं आणि अंडी तिथं राहतात. जुना दातघासायचा ब्रश घे, आधी कोरडाच फिरव, मग धू. डबा आणि झाकण वेगवेगळे उन्हात पालथे घाल. फळीवरचा वर्तमानपत्राचा कागद जाळून टाक आणि परत अंथरू नकोस, त्याच्या घडीखाली पाहुणे राहतात. फळी आणि भिंतीतली फट मात्र नीट कोरून काढ. फळीवर फवारा मारून लगेच डबे मांडू नकोस.

साठ डब्यांमधले श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे प्लॅस्टिकचे डबे आधी जाऊ देत, त्यांची झाकणं वर्षभरात सैल होतात. स्टीलचे डबे काढताना नाव वाच. कोणाच्या लग्नात आलेला, कोणाच्या बारशाला मिळालेला, ते त्यावर कोरलेलं असतं. नाव असलेला डबा भंगारात देऊ नकोस, त्या भंगारवाल्याकडून तुला जे मिळतं ते सासूबाईंच्या तोंडावर जे दिसतं त्यापुढे काहीच नाही. तोच डबा 'चालू' म्हणून रोजच्या वापरात आण. सासऱ्यांचं नाव असलेल्या डब्यात साखर ठेवलीस तर टाकाटाकीची निम्मी भांडणं मिटतील, असा माझा अनुभव आहे.

टाकायचा निर्णय त्यांच्याकडे दे. तू डबा ओत, चाळण त्यांच्या हातात दे. किडका दाणा तुझ्याहून त्यांना आधी दिसतो. त्यांनी स्वतः 'हे आता नको' म्हटलेलं धान्य परत आत जात नाही. एखाद्या डब्यावर अडून बसल्या तर राहू दे, खडूने तारीख घाल आणि बाजूला ठेव.

खडू मात्र घरात हवाच. प्रत्येक डब्याच्या खालच्या बाजूला भरल्याचा महिना लिही. विकतच्या पाकिटावर 'या तारखेपर्यंत उत्तम' आणि 'या तारखेनंतर वापरू नये' असे दोन वेगळे प्रकार असतात. पहिल्यात तारीख उलटली तरी वास-चव बघून ठरवता येतं, दुसऱ्यात नाही.

आणि एवढं करून महिन्याने पुन्हा बघायला लागतं, कारण दाण्याच्या आतली अंडी तुझ्या चाळणीला सापडत नाहीत. सासूबाई संकष्टी करत असतील. त्या दिवशी तसाही स्वयंपाक थोडा असतो, तेव्हा सकाळी चालूचे डबे एकदा ओतून बघायचे. संकष्टी महिन्याने येते, सोंडाही महिन्याने. लागोपाठ तीन संकष्ट्या काही निघालं नाही तर घर स्वच्छ झालं समज.

यंदाच्या खरेदीला तू एकटी जाऊ नकोस. गणपती पेठेत असो की ओळखीच्या शेतकऱ्याकडे, सासूबाईंना बरोबर ने. शाळू दाताखाली फोडून त्या जेवढं सांगतील तेवढं तुला मोबाईलवर सापडणार नाही. एक क्विंटल शाळू आणि सव्वाशे किलो गहू घ्या, तेही दोन हप्त्यांत, दुसरा दिवाळीनंतर. पुण्याच्या जावेला द्यायचं असेल तर तिच्या नावाचं पोतं वेगळं बांधा आणि ते आल्या आठवड्यातच गाडीत चढवा. 'ती येईल तेव्हा नेईल' म्हणून ठेवलेलं पोतं कधी जात नाही.

दोन कोठ्या भरतील, तिसरी रिकामी राहील. ती लगेच विकायला काढू नकोस. घासून, वाळवून, झाकण बाजूला टेकवून एक वर्ष तशीच राहू दे. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई स्वतः तिच्यात पांघरुणं ठेवायला लागल्या तर विषय संपला. आणि परत गहू भरायचं म्हणाल्या तर आधी पुण्याला फोन लावून विचार, दिवाळीत किती दिवस येणार आहात म्हणून.